मोटर की ऑर्गन

बबन,

घोडेगावच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझ्या लेकीच्या, पूनमच्या साखरपुड्यातला, फेटा बांधलेला, आणि कुणीतरी हौसेनं वर काळा गॉगल चढवलाय. जन्मात तू गॉगल घातला नाहीस. तुझ्या नाकावर असायचा तो एक काडी तुटलेला, वायंडिंगच्या दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा, आणि त्यातून तू जळक्या मोटरीकडे बघायचास तसं डॉक्टरही पेशंटकडे बघत नाहीत. फ्लेक्सवर खाली शोकाकुलांची नावं आहेत, दुसऱ्या ओळीत मीही आहे. मी मास्तर, आधी काय बघितलं असेल ते तुला सांगायला नको. 'श्रद्धांजली' चुकीचं छापलंय. चौकात उभ्या उभ्या मला हसू आलं, मग त्याच जागी रडू आलं, आणि रसवंतीवाल्यानं मला आत नेऊन बाकड्यावर बसवलं.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. भेटेल तो तुझ्या हातच्या मोटरींचं सांगतो. कुणाची पाणबुडी बारा वर्षं बोअरमधून वर काढावी लागली नाही, कुणाची ऐन कांद्याच्या दिवसांत एका दुपारीत नव्यानं तार भरून दिलीस. ते सगळं खरं आहे आणि सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्या कॅसेटचं बोलायचंय. आपलं एक भांडण तीस वर्षं चाललं आणि अर्धंच राहिलं. त्यात चूक कुणाची होती ते मला पंधरा वर्षांपासून माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. ते आता सांगतो. उशीर झालाय, पण मास्तर लोक पेपर उशिराच तपासतात.

मी शिनोलीला शाळेवर लागलो तेव्हा निरगुडसरहून एक ट्रंक आणि एक सायकल घेऊन आलो होतो. तुझ्या दुकानामागची खोली भाड्यानं घेतली. इंग्रजीत बी. ए., आणि त्या गोष्टीचा थोडा ताठाही. तू दहावी नापास, पण मोटर न उघडता, नुसती चालवून, कान लावून सांगायचास की आतलं काय गेलंय. पहिले काही महिने आपण एकमेकांना 'तुमी' म्हणत होतो. मग एक दिवस एक गोरा प्रवासी आला आणि आपण 'तू'वर आलो.

तो भीमाशंकरला निघाला होता. त्याच्या जीपचा सेल्फ स्टार्टर तुझ्या दुकानासमोर जळला. तू तो उतरवलास, भरायला घेतलास आणि मला हाक मारलीस, मास्तर, जरा बोला त्याच्याशी. मी आलो. माझं इंग्रजी पुस्तकातलं, त्याचं तोंडातलं. तो अर्धा तास बोलला, त्यातलं मला 'थँक यू' कळलं. तरी मी मान हलवत राहिलो आणि तुला दर दोन मिनिटांनी सांगत राहिलो, 'तो म्हणतोय, छान गाव आहे.' संध्याकाळी जीप सुरू झाली. जाताना त्यानं गाडीतली एक कॅसेट काढून तुझ्या तेलकट हातात दिली. कव्हर नव्हतं. कॅसेटवरची अक्षरं घासून गेली होती, त्यातली तीनचार तेवढी उरलेली. पुढची कित्येक वर्षं आपण तिला 'ती कॅसेट' एवढंच म्हणत आलो.

पहिल्यांदा लावली तो दिवस मला नीट आठवतो. वीज चार वाजता आली. तू टेपचं बटण दाबलंस. आधी नुसती गुणगुण, एकसारखी, बराच वेळ. त्या गुणगुणीखालून हळूच एक जाड तारेचं वाद्य चालायला लागलं, मग ढोल, आणि गाणारा आला तो पाच मिनिटांनी. तोवर मी म्हणालो होतो, हा ऑर्गन आहे, त्यांच्या चर्चमध्ये असतो, आपल्या पेटीचा थोरला भाऊ. तू एका मोटरीच्या स्टेटरमधली जळकी तार ओढत होतास. मान वर न करता म्हणालास,

"पेटीला भाता लागतो मास्तर. हिला पंखा हाय. मोटर हाय ही. सिंगल फेज. आन् बेरिंग गेलंय तिचं."

मी हसलो. इंग्लंडमधले लोक गाण्यात मोटर कशाला वाजवतील, असं मी म्हणालो. तू म्हणालास, ते त्यांचं त्यांना ठाऊक. भांडण इथून सुरू झालं.

खरं सांगू, ते संगीत मला एकट्याला कधीच कळलं नसतं. मला नुसता गोंगाट वाटला होता. तू ते मला उलगडून दाखवलंस, आणि तेही तारेचे वेढे मोजता मोजता. कॉइल भरताना तू ओठांत मोजायचास, त्या मोजण्याशी ते गाणं जुळेना म्हणून तू वैतागलास, आणि दोन दिवसांनी मला म्हणालास की हे गडी सातावर फिरतात, सात वेढे झाले की परत पहिल्यावर येतात. मी टेबलावर बोटं आपटून बघितलं. सातच होते. पुढं एका जागी ढोलवाला सातावर, तारवाला चारावर आणि गाणारा आपल्याच नादात, आणि तिघं कुठंतरी लांब जाऊन एकाच ठोक्यावर भेटतात, ती जागा तर तू बोटानं हवेत दाखवायचास. 'आता बघ. आता येतील. आले.' दर वेळी ते यायचे आणि दर वेळी तुला तेवढाच आनंद व्हायचा. पुस्तकं वाचून माणूस असं ऐकायला शिकत नाही.

आणि मग तू विचारलंस की तो म्हणतो काय. मी इंग्रजीचा मास्तर. मला काही कळत नव्हतं. गोऱ्याच्या वेळी झाकून नेलं होतं, आता रोज दुपारी परीक्षा. मी म्हणालो, फार भरभर म्हणतोय, आवाज दबलाय. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर टेप उघडा पडलेला. त्याच्या मोटरीच्या बुडाला एक बारीक भोक होतं, त्यात घड्याळजीचा पेचकस घालून तू आतला स्क्रू फिरवत होतास. गाणं खाली आलं. गाणारा सावकाश, घोगरा, आजारातून उठल्यासारखा म्हणायला लागला. 'आता ऐक निवांत,' असं म्हणून तू भोकावर वॉर्निशचा थेंब सोडून दिलास, म्हणजे स्क्रू हलायला नको. वर मला टोमणाही मारलास, की तुझ्या इंग्रजीपायी माझ्या मोटरीचं व्होल्टेज पडलं. पण मला इंग्रजी येत नाही असं तू म्हणाला नाहीस. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही.

तेव्हा मला शब्द ऐकू आले. म्हणजे चार आले. 'बेल' आली, 'बोट' आली, 'डोअर' आलं. आणि एक ओळ सगळ्या कॅसेटभर पुन्हा पुन्हा येत होती, ती स्वच्छ ऐकू आली: डॅम द वॉटर. मी उडालोच. डॅम म्हणजे धरण. डॅम द वॉटर म्हणजे पाणी अडवा. आपल्या एसटी स्टँडच्या भिंतीवर सरकारनं तेच रंगवलं होतं. आणि मी कुठं बसून ऐकत होतो? शिनोलीत, तुझ्या दुकानात. तुझं गाव डिंभे धरणाच्या पाण्यात जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि तुझे वडील, आबा, रोज सकाळी दुकानाबाहेरच्या दगडावर पश्चिमेकडे तोंड करून बसत होते.

मग मी गोष्ट लावली. तुला सांगितलं की यांच्याकडेही धरण झालं आहे. गाव पाण्याखाली गेलं आहे. गाणारा म्हातारा आहे, तो बोटीत बसून आपल्या घराचं दार शोधायला आला आहे, आणि पाण्याखालून त्याला देवळाची घंटा ऐकू येते आहे. चार शब्दांवर मी गावच्या गाव उभं केलं. ऐकताना तुझा हात थांबला होता. नंतर तू कॅसेट उलटी करून दुसरी बाजू लावलीस आणि विचारलंस, 'ह्यात काय?' दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात शब्दच नाहीत. नुसतं एक वाद्य, शेपन्नास बासऱ्या एकदम फुंकाव्यात तसं, हळूहळू चढतं आणि उतरताना कुठं संपलं ते कळत नाही. मी म्हणालो, ते पाणी आहे. तेवढं मात्र मी मनापासून बोललो होतो.

त्या मे महिन्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं. तू म्हणालास, चल, आबांना घर दाखवून आणू. टेपमध्ये सहा नवे सेल घातले. तुझी लूना, माझी सायकल, पुढं भेगाळलेल्या गाळातून पायी. आबांनी वाट विचारली नाही. सरळ चालत गेले आणि एका जोत्यावर जाऊन थांबले. गाळ हातानं उकरला तर जमिनीत पुरलेलं उखळ निघालं, धान्य कांडायचं, तुझ्या आईचं. आबा त्याच्या काठावर हात फिरवत बसले. तू टेप जोत्यावर ठेवलास आणि दुसरी बाजू लावलीस. भर ऊन होतं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, आणि ते बासऱ्यांचं गाणं त्या उघड्या पडलेल्या गावावरून चाललं होतं. मी त्यानंतर बरंच संगीत ऐकलं, नाट्यगृहात बसूनही ऐकलं. तसं पुन्हा काही ऐकलं नाही.

गाणं संपल्यावर आबांनी मला विचारलं, "ह्यांचं बी गाव गेलं व्हय, गुरुजी?"

मी म्हणालो, "हो आबा. गेलं."

"मंग आपुन एकलं न्हाई," ते म्हणाले, आणि धोतर झटकून उठले.

बबन, हे 'हो' मला पंधरा वर्षं टोचत होतं. का ते आता सांगतो.

आमच्या शाळेत इंटरनेट आलं तेव्हा मी बदली होऊन घोडेगावला होतो. एक दिवस मधल्या सुट्टीत मी कॅसेटवरची उरलेली अक्षरं टाकून शोधत बसलो. सापडली. बँड साधासुधा नव्हता. त्यांच्या आधीच्या चार रेकॉर्डी जगानं डोक्यावर घेतलेल्या, जुन्या मोठ्या मंडळींत त्यांचं नाव. आणि आपली कॅसेट म्हणजे त्यांची सगळ्यात पडलेली रेकॉर्ड. चाहत्यांनी तिच्याविषयी काय काय लिहिलं होतं. दमलेली, कंटाळवाणी, न काढती तर बरं झालं असतं. मला राग आला. आपल्या माणसाला कुणी परक्यानं काही बोललं की येतो तसला राग. मग मी खाली गेलो आणि तिथं गाण्याचे शब्द होते.

गाव नव्हतं. धरण नव्हतं. लाँड्री होती, बबन. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात एका म्हाताऱ्याचं कपडे धुवायचं दुकान, आणि ते बंद पडतंय, त्यावर चार लांबलचक गाणी. जग हसलं होतं ते यालाच. 'बेल' होती ती दुकानाच्या दाराची, गिऱ्हाईक आलं की वाजणारी. 'बोट' नव्हतीच, तो 'कोट' होता, कुणीतरी धुवायला टाकून परत न्यायला न आलेला. आणि डॅमच्या शेवटी एक मुका एन् होता. पाइप फुटतो, दुकानात पाणी शिरतं आणि म्हातारा त्या पाण्याला शिव्या घालतो. 'पाणी अडवा' असं तो म्हणत नव्हता. तो म्हणत होता, 'च्यायला या पाण्याच्या.' उच्चार दोन्हीचा एकच. इंग्रजीच्या मास्तरला तरी तो अर्थ सुचायला हवा होता. पण डिंभ्याच्या काठावर बसून दुसरा कुठला डॅम ऐकू येणार होता?

आणि तळाशी एक वाक्य होतं. बँडवाले तेव्हा एका लाँड्रीच्या वरच्या माळ्यावर राहत होते. सुरुवातीची ती गुणगुण त्यांनी खाली जाऊन, धुलाई यंत्राला माइक लावून टेप केली होती. मी खुर्चीतून उठलो. सिंगल फेज. बेअरिंग गेलेलं. तू शिनोलीत तार ओढता ओढता, मान वर न करता सांगितलं होतंस.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. तू जिंकलास म्हणून सांगायचं आणि भेळ खायची. स्टँडपर्यंत आलो आणि पाय थबकले. मोटर कबूल करायची तर ती कशाची ते सांगावं लागणार. लाँड्री सांगितली की गाव गेलं. आबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मरणाआधी ते दवाखान्यात तुला म्हणाले होते, ते गोऱ्यांचं धरणाचं गाणं लाव, आणि तू उशाशी टेप ठेवला होतास, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुझं गाव एकदा सरकारनं बुडवलं. दुसऱ्यांदा मी बुडवायचं? मी एसटी सोडून दिली आणि घरी आलो.

तेव्हापासून तू जेव्हा जेव्हा विषय काढलास तेव्हा मी 'ऑर्गन' म्हणालो. आधी म्हणायचो ते अडाणीपणानं, नंतर म्हणालो ते जाणूनबुजून. आणि मनात कुठंतरी हेही होतं की मास्तरकीची अब्रू राहतेय. ते लपवत नाही. आमच्या निरगुडसरच्या शिवारात डिंभ्याचं पाणी कालव्यानं येतं, आमचा ऊस त्यावर उभा आहे. तू कधीतरी चेष्टेत म्हणायचास, आमचं गाव तुमच्या उसात हाय, आणि मी ओशाळून हसायचो. तुझ्या गावाच्या बदल्यात एक खोटं गाव दिलं, असं मी स्वतःला समजावत आलो.

शेवटची भेट गेल्या महिन्यातली. आमच्या घरच्या हौदाची अर्ध्या एचपीची मोटर जळली म्हणून घेऊन आलो होतो. तू वाळला होतास, पण हात तसाच होता. चहा आला. टेप फळीवर वॉर्निशच्या डब्याशेजारी, त्याला तू कितव्यांदा तरी नवा पट्टा घातलेला. कॅसेट लागली. गुणगुण सुरू झाली आणि तू माझ्याकडे बघून विचारलंस,

"आता तरी कबूल कर राव. मोटरच हाय ना?"

"ऑर्गन आहे," मी म्हणालो.

तू हसलास आणि बशीत चहा ओतलास. मला वाटलं होतं, अजून खूप वेळा भांडू.

काल मी मोटर न्यायला दुकानात गेलो. वहिनींनी निरोप धाडला होता की तू ती भरून ठेवली आहेस, तुझ्या हातची शेवटची. दुकानात पूनम होती, चाकणहून रजा टाकून आलेली. तिला सगळी अवजारं माहीत आहेत, तुझ्यासारखीच फळी झटकते. तिनं टेप माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, काका, हा तुमच्याकडेच न्या. मी तिला म्हणालो की नेतो, पण मला या कॅसेटचं तुझ्या वडिलांना काहीतरी सांगायचं राहून गेलंय. ती म्हणाली, लाँड्रीचं का?

मी बाकड्यावर बसलो.

अवसरीला इंजिनिअरिंगला असताना तिनं तुला ते गाणं मोबाइलवर शोधून दिलं होतं, शब्दांसकट, अर्थासकट. सहा वर्षं झाली म्हणे. तिनं सगळं समजावून सांगितलं, लाँड्री, कोट, दाराची बेल, धुलाई यंत्र. मोटरीचं ऐकून तू मांडीवर थाप मारलीस आणि ठसका लागेपर्यंत हसलास. मग डॅमवर आलात. तिनं सांगितलं की हा धरणाचा डॅम नाही, ही शिवी आहे. पुढं तू जे बोललास ते तिनं मला तुझ्याच शब्दांत सांगितलं.

"शिवी व्हय? मंग बराबरच हाय की. आबांनी धरणाला जलमभर दुसरं काय म्हणलं? मास्तरचा अर्थ काय चुकला न्हाई."

आणि तिला बजावलंस, "मास्तरला बोलू नको. त्या दिवशी त्यानं हो म्हणलं, तवा आबा घरी येऊन लई दिसांनी पोटभर जेवला. त्याचं हो मोडायचं न्हाई."

म्हणजे सहा वर्षं तू मला विचारत होतास ते सगळं माहीत असून. मी तुझं गाव सांभाळत होतो असं मला वाटत होतं, आणि तू माझी मास्तरकी सांभाळत बसला होतास. स्क्रू फिरवलास त्या दिवसापासून तेच करत आलास. मला फार लाज वाटली, बबन, आणि तेवढंच हलकंही वाटलं. तुझ्यासारखा मित्र मिळायला मी काय केलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

या सतरा दिवसांत मी ती रेकॉर्ड मोबाइलवर, तिच्या खऱ्या गतीनं, पुष्कळदा ऐकली. पहिल्या दिवशी परकी वाटली, घाईत असल्यासारखी. चौथ्यापाचव्या वेळी कळलं की तू ओळखलेलं सगळं तिच्यात आहे. सातावरचं फिरणं आहे, तिघांचं लांब जाऊन भेटणं आहे. नावं ठेवणाऱ्यांना एक म्हातारा आणि त्याच्या दुकानात शिरलेलं पाणी दिसलं आणि त्यांना ते क्षुल्लक वाटलं. ज्याचं काही बुडालेलं नाही त्याला तसंच वाटणार. म्हाताऱ्याचं दुकान जातंय, तो शिव्या देतोय, आणि शेवटी शब्द संपतात तिथून बासऱ्या सुरू होतात. आबांना भाषा येत नव्हती तरी ते बरोबर ऐकत होते. ती त्या बँडची सगळ्यात चांगली रेकॉर्ड आहे, आणि हे मी आता कुणाशीही भांडून सांगेन.

आता कालचं शेवटचं सांगतो. पूनमनं माझी मोटर बाकावर ठेवून तपासायला चालू केली. मी टेप उघडला. बुडाच्या भोकावर तुझा वॉर्निशचा थेंब होता, मधासारखा पिवळा पडलेला. गाणं पुन्हा त्याच्या खऱ्या गतीवर आणायला तो मी नखानं खरवडला. तुझ्याच डब्यातला घड्याळजीचा पेचकस घेतला, कॅसेट सुरुवातीला आणली आणि बटण दाबलं. एकीकडे गोऱ्यांची गुणगुण, खालच्या सुरात. दुसरीकडे तुझ्या मोटरीची. मी स्क्रू इकडे फिरवला, तिकडे फिरवला. टेप हलू नये म्हणून पूनमनं तो धरला. गोऱ्यांची गुणगुण वर चढत गेली, जवळ आली, जरा वेळ दोन्ही एकमेकींशी घासल्या, आणि मग एकदम एक झाल्या. कुठली कुणाची ते कळेना. पूनम म्हणाली, काका, हात काढा आता, जुळलं.

मोटरच आहे, बबन. सिंगल फेज. बेअरिंग त्यांचंच गेलेलं आहे. तुझ्या मोटरीच्या बेअरिंगचा काही आवाज नाही.